जुन्या गाडीच्या सब-फ्रेमला तडा गेला तर: घरी काय जमतं, काय नाही, आणि मोबाईल कुठे कामाला येतो



ब्रेक मारला की खालून "टक्क". रिव्हर्स घेतली की पुन्हा "टक्क". काकांच्या २००७ सालच्या छोट्या हॅचबॅकमध्ये हा आवाज दोन महिने येत होता. गोंदिया ते गोरेगाव, पुढे कोहमाऱ्यापर्यंत तिची रोजची ये-जा. आवाजासाठी आधी लिंक रॉड बदलले, मग लोअर आर्मचे बुश, मग एका बाजूचा शॉकअप. खर्च झाला, आवाज जिथल्या तिथे. शेवटी दोष सापडला तो मोबाईलच्या स्लो-मोशन व्हिडिओत. पुढच्या सब-फ्रेमला बोटभर लांबीचा तडा गेला होता आणि ब्रेकच्या वेळी तो उघडत-मिटत होता. याच गाडीतून आजीला दर पंधरा दिवसांनी गोंदियाला दवाखान्यात नेत होतो, हे लक्षात आल्यावर पोटात गोळा आला.

त्यानंतर आम्ही एक चूक केली आणि मग ती दुरुस्त केली. दोन्ही इथे सविस्तर सांगतो, कारण जुनी गाडी घरात असणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते.

सब-फ्रेम म्हणजे नेमकं काय?

आजकालच्या छोट्या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. पत्र्याची बॉडी हीच चेसिस. पण पुढच्या चाकांचा सगळा मार थेट त्या पत्र्यावर घेतला तर तो फाटेल. म्हणून इंजिनच्या खाली, आडवी, पोलादी पत्र्याची एक चौकट बोल्टने बॉडीला जोडलेली असते. तीच सब-फ्रेम. गॅरेजात कुणी तिला "क्रॉस मेंबर" म्हणतं, कुणी "सस्पेन्शन फ्रेम". नुसतं "सब-फ्रेम" म्हटलं तर दुकानदार कधी कधी भलताच पार्ट दाखवतो, म्हणून फोटो जवळ ठेवा.

या चौकटीवर काय काय असतं? दोन्ही लोअर आर्म, बहुतेक गाड्यांत स्टीअरिंग रॅक, स्टॅबिलायझर बार, आणि इंजिनचं मागचं माउंटिंग. म्हणजे चाक कुठे उभं राहणार आणि स्टीअरिंग कुठून ओढणार, हे दोन्ही ही एकच वस्तू ठरवते. ती हलली की चाक हलतं. शॉकअप गेला तर गाडी उसळते, बुश गेला तर आवाज येतो, पण लोअर आर्मचा जोडच सब-फ्रेममधून फाटून निघाला तर चालत्या गाडीचं चाक मागे वळतं आणि स्टीअरिंग हातात नुसतं राहतं.

ही कल्पना नवी नाही. १९५९ साली इंग्लंडात आलेल्या 'मिनी' या प्रसिद्ध छोट्या गाडीला पुढे एक आणि मागे एक अशा दोन सब-फ्रेम होत्या. मागची फ्रेम गंजून खराब होते म्हणून ती तिच्या मालकांत बदनाम होती. तेव्हा आपल्या गाडीत झालं म्हणजे काही जगावेगळं झालं असं नाही.

तडा जातो कशाने?

एका मोठ्या खड्ड्याने फ्रेम तुटली असं आपल्याला वाटतं. क्वचित तसं होतंही. पण बहुतेक वेळा तडा हळूहळू वाढतो. तार दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते ना, तसंच. प्रत्येक ब्रेकला फ्रेम एका बाजूला ताणली जाते, गाडी उचलली की दुसऱ्या बाजूला. एकेका ताणाने काही होत नाही, लाखो ताणांनी होतं. याला धातूची थकवण म्हणतात. हे माणसाला रेल्वेने शिकवलं. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनचा ॲक्सल तुटून भीषण अपघात झाला, आणि त्यानंतरच्या दशकांत जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलरने ॲक्सलवर वर्षानुवर्षं प्रयोग करून ही थकवण मोजली. तडा नेहमी ताण गोळा होतो तिथून सुरू होतो: वेल्डिंगची कड, बोल्टचं भोक, पत्र्याचा तीव्र वाक.

आमच्या भागात याला दुसरं कारण जोडीला येतं, चिखल. धानाची रोवणी सुरू झाली की चिखलणी करून निघालेले ट्रॅक्टर केजव्हीलला लागलेला चिखल रस्त्यावर सांडत जातात. नाल्यांच्या रपट्यांवरून पाणी वाहत असतं, त्यातून गाडी काढावी लागते. सब-फ्रेम आतून पोकळ असते. पाणी निघून जावं म्हणून तिला खालून छोटी भोकं असतात, आणि चिखल नेमका तिथेच जाऊन बसतो. मग दिवाळीपर्यंत आत ओल राहते. बाहेरून काळा रंग शाबूत, आतून पत्रा पापडासारखा. आमची जुनी फ्रेम नंतर ग्राइंडरने कापून पाहिली तर आतून मूठभर लाल भुकटी निघाली.

मोबाईलने तडा शोधायचा कसा?

आधी गाडीखाली स्वतः जाऊ नका, मोबाईलला पाठवा. गाडी सपाट जागेवर, चारही चाकं जमिनीवर, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावलेले. मोबाईलचा टॉर्च सुरू करून स्लो-मोशन मोडमध्ये तो पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला विटेला टेकवून ठेवा, कॅमेऱ्यासमोर लोअर आर्मचा जोड येईल असा. मग एकाने गाडीत बसून स्टीअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं झटक्याने हलवायचं. इंजिन बंद असल्यामुळे जोर लागतो, पण तोच जोर फ्रेमवर येतो आणि आपल्याला तोच हवा आहे. दोन्ही बाजूंचे व्हिडिओ घ्या आणि तुलना करा. रबरी बुश थोडा दबणं साहजिक आहे. लोखंड लोखंडापासून वेगळं होताना दिसलं, किंवा दोन पत्र्यांच्या मधून गंजाची भुकटी गळताना दिसली, तर समजा सापडलं.

प्रकाशही नीट धरा. टॉर्च समोरून मारला तर तडा दिसत नाही. पत्र्याला जवळजवळ टेकवून, आडवा मारला तर केसाएवढी चीरही सावली टाकते. मोबाईलचा फ्लॅश समोरूनच पडतो, म्हणून टॉर्चसाठी दुसरा मोबाईल घ्या आणि फोटो पहिल्याने काढा.

शंका उरली तर खडूची परीक्षा करा. ही जुनी रेल्वे वर्कशॉपांतली पद्धत आहे आणि आजही चालते. संशयित जागा वायर ब्रशने घासून चकचकीत करा. रॉकेल मिळालं तर उत्तम, नाहीतर डिझेल लावा. अर्धा तास मुरू द्या. मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा आणि वरून पांढऱ्या खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर बारीक ओली रेघ उमटते. कारखान्यांत यासाठी लाल रंगाचा पेनेट्रंट आणि पांढरा डेव्हलपर असे स्प्रे वापरतात. तत्त्व एकच, फरक फक्त किमतीचा.

शेवटी स्क्रूड्रायव्हर. मुठीने ठोकून पाहा. चांगल्या पत्र्यावर "ठण्ण" वाजतं. गंजलेल्यावर "थप" असा मेलेला आवाज येतो, कधी टोक सरळ आत जातं. आत गेलं तर पुढचा वेल्डिंगचा भाग वाचायचीही गरज नाही. फ्रेम बदलायची.

आमची चूक: टाका मारला

तडा सापडल्यावर आम्ही एका वेल्डिंगवाल्याकडे गेलो. त्याने गाडी खड्ड्यावर घेतली, फ्रेम न काढता खालून आर्क वेल्डिंगचा टाका मारला, वर चौकोनी पट्टी ठेवून चारही बाजूंनी वेल्ड केली. अर्ध्या तासात काम झालं. "आता गाडी जाईल, पण हा टाका नाही जाणार," असं तो म्हणाला. त्याचं खरं ठरलं. टाका गेलाच नाही. तीन आठवड्यांनी पत्रा फाटला, पट्टीच्या कडेला लागून, अगदी सरळ रेषेत.

असं का झालं ते समजून घ्या, कारण दहापैकी आठ ठिकाणी हेच करतात असं माझं निरीक्षण आहे. जाड पट्टी आणि पातळ पत्रा यांच्या सीमेवर ताण एकवटतो. चौकोनी पट्टीची सरळ कड म्हणजे "इथे फाडा" अशी आखून दिलेली रेघ. शिवाय वेल्डच्या उष्णतेने शेजारचा पत्रा आधीच कमजोर झालेला. तड्याच्या टोकाला भोक पाडलं नव्हतं, म्हणून मूळ तडा पट्टीखाली वाढतच राहिला. आणि गाडीच्या वजनाखाली वाकलेल्या स्थितीतच फ्रेम जोडली गेली.

मग वेल्डिंग कधीच करू नये का? कंपन्या साधारणपणे बदला असंच सांगतात. माझं मत असं: तडा लोअर आर्मच्या जोडाजवळ, स्टीअरिंग रॅकच्या बोल्टाजवळ किंवा बॉडीच्या बोल्टाजवळ असेल तर वेल्डिंगचा विचारही करू नका. या तीनपैकी कुठेही नसेल, पत्रा आतून ठणठणीत असेल आणि नवी फ्रेम खरोखर मिळत नसेल, तरच चांगल्या वेल्डरकडे जा, आणि फ्रेम काढून न्या. तड्याच्या दोन्ही टोकांच्या जरा पुढे ३ मिलिमीटरचं भोक, म्हणजे तडा पुढे पळत नाही. मग ग्राइंडरने तड्यावर व्ही आकाराची खाच. वेल्डिंग सीओटूवर, छोटे छोटे टाके, एकदा इकडे एकदा तिकडे, मध्ये थंड होऊ देत. पाणी ओतायचं नाही. पट्टी लावायचीच असेल तर टोकं माशासारखी निमुळती, चौकोनी नाही. आणि वेल्ड करताना फ्रेम जाड लोखंडी पाटाला बोल्टने आवळलेली हवी, नाहीतर ती पिळली जाते आणि परत बसताना भोकं जुळत नाहीत.

काही कारणाने कुणी गाडीवरच वेल्ड करणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, ईसीयूचं कनेक्टर काढा, आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी शेजारी लावा. दूर लावला तर करंट बेअरिंग आणि बॉल जॉइंटमधून वाट काढतो. पेट्रोलचे पाइप कुठून जातात ते आधी बघा. हे मी फक्त माहिती म्हणून सांगतोय, करा म्हणून नाही.

आम्ही फ्रेम बदलली.

दुसरी फ्रेम आणताना

नवी मिळाली तर उत्तम. जुनी आणत असाल तर मॉडेल सारखं असणं पुरेसं नाही. पॉवर स्टीअरिंगवाली आणि साधी, पेट्रोल आणि डिझेल, यांच्या फ्रेममध्ये फरक असू शकतो. आपल्या फ्रेमचे वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा, शेजारी मेजर टेप ठेवून. बॉडीच्या चार बोल्ट-भोकांतलं तिरकं अंतर, म्हणजे डावं पुढचं ते उजवं मागचं आणि उलट, दोन्ही मोजा. आणायच्या फ्रेमची दोन्ही तिरकी अंतरं एकमेकांशी जुळत नसतील तर ती फ्रेम अपघातात पिळलेली आहे. स्वस्त असली तरी नको. आणि खडूची परीक्षा दुकानातच करा. दुकानदार हसला तर हसू द्या.

काढायची आणि बसवायची

हे दोन माणसांचं, पूर्ण दिवसाचं काम आहे. आधी कधी लोअर आर्म बदललेला नसेल तर माहीतगार माणूस सोबत घ्या. मी काकांच्या ओळखीच्या एका मेकॅनिकला अंगणात बोलावलं होतं, माझं काम पाने देणं आणि फोटो काढणं एवढंच. "एवढे फोटो काहून काढून राहिला?" असं तो सकाळी विचारत होता. संध्याकाळी एक ब्रॅकेट उरलं, तेव्हा तोच म्हणाला, "दाखव बरं तो मघाचा फोटो."

आदल्या दिवशी सगळ्या बोल्टांना गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. हे टाळलं तर बॉडीच्या आत वेल्ड केलेला नट सुटून बोल्टासोबत फिरायला लागतो, आणि मग बॉडीचा पत्रा कापण्याशिवाय इलाज राहत नाही. या सगळ्या कामातलं सर्वांत वाईट संकट तेच.

गाडी उचलली की स्टँड, म्हणजे घोड्या, बॉडीच्या सिलखालच्या मजबूत जागी लावा. सब-फ्रेमखाली नाही, ती तर आपण काढणार आहोत. सिमेंटची पोकळ वीट कधीही वापरू नका. ती हळू दबत नाही, एकदम फुटते. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. काढलेली दोन्ही चाकं सिलखाली आडवी सरकवून ठेवा. घोडी घसरलीच तर गाडी चाकावर पडेल, माणसावर नाही.

इंजिनला वरून आधार हवा, कारण त्याचं मागचं माउंटिंग सुटणार. आम्ही बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या कडांवर जाड सागाची बल्ली आडवी टाकून इंजिनच्या कड्याला साखळीने बांधलं. स्टीअरिंग सरळ ठेवून लॉक करा. एअरबॅग असलेल्या गाडीत हे विसरलात आणि रॅक सुटल्यावर स्टीअरिंग गरागरा फिरलं, तर आतली एअरबॅगची गुंडाळलेली वायर तुटते.

फ्रेम सोडण्याआधी तिच्या कडेने बॉडीवर रंगाची रेघ मारा. बोल्टांची भोकं बोल्टापेक्षा किंचित मोठी असतात, त्यामुळे फ्रेम दोन-चार मिलिमीटर इकडे तिकडे बसू शकते. तेवढ्यानेही गाडी एका बाजूला ओढते. छोट्या गाड्यांत टो जुळवता येतो, पण कॅम्बर आणि कॅस्टरला बहुधा वेगळी सोय नसते, म्हणून फ्रेमची जागाच महत्त्वाची.

मग क्रम असा: बॉल जॉइंट नकलमधून सोडवा, स्टॅबिलायझरच्या लिंक, इंजिनचं मागचं माउंटिंग, रॅकचे बोल्ट. रॅक तारेने वर बांधून ठेवा, तेलाच्या पाइपावर लटकू देऊ नका. काही गाड्यांत रॅक फ्रेमसोबतच उतरतो, तिथे स्टीअरिंगच्या दांड्याचा जोडही सोडवावा लागतो, आणि सोडण्याआधी त्यावर खूण करायची. शेवटी फ्रेमखाली फळी आणि जॅक लावून चार बोल्ट सोडा आणि हळूहळू खाली घ्या. बसवताना हेच उलट. बॉडीचे चारही बोल्ट आधी हाताने लावायचे, रेघेवर फ्रेम जुळवायची, मग आवळायचे.

आवळायचं किती?

टॉर्क रेंच नसेल तर सामान तोलायचा डिजिटल हुक-काटा घ्या. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकडा न्यूटन-मीटर किंवा किलो-मीटरमध्ये असतो. पान्याच्या दांड्यावर बोल्टाच्या मध्यापासून ५० सेंटिमीटरवर खूण करा, तिथे काटा अडकवून दांड्याला काटकोनात ओढा. काट्यावर २० किलो आले म्हणजे १० किलो-मीटर, सुमारे ९८ न्यूटन-मीटर. बाकी हिशेब मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर. आकडा आपल्याच मॉडेलचा शोधा, व्हिडिओखालच्या कमेंटमधला घेऊ नका.

एक गोष्ट भले भले विसरतात. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट चाकं हवेत लटकत असताना शेवटचे आवळू नका. रबर त्या लटकत्या स्थितीत पकडलं जातं, आणि गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहून काही महिन्यांत फाटतं. आधी अर्धवट आवळा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीन वेळा दाबून हलवा, मग पूर्ण आवळा.

तपासणी

अलाइनमेंटला जाण्याआधी घरी दोन मापं घ्या. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांतलं अंतर, दोन्ही बाजूंनी. आणि मोबाईलमधलं लेव्हल ॲप: सरळ पट्टी पुढच्या चाकाच्या रिमला उभी टेकवा, तिच्यावर मोबाईल लावून कोन वाचा, मग तसंच दुसरीकडे. मोबाईलच्या सेन्सरवर अचूक आकड्यासाठी विसंबू नका, पण डावं-उजवं फरक तो दाखवतो. आमच्याकडे पहिल्यांदा जवळजवळ १ अंशाचा फरक आला. फ्रेम रेघेच्या बाहेर बसली होती. बोल्ट सैल करून पुन्हा बसवली आणि मगच अलाइनमेंटला नेली.

कागदपत्रांचंही पाहून घ्या. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणीनंतर ५-५ वर्षांनी वाढवतात. तारीख एमपरिवहन ॲपवर दिसते. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेली रिकॉलची सरकारी तरतूद ७ वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी आहे, त्यामुळे जुन्या फ्रेमसाठी तिचा उपयोग नाही.

साधारण १०० किलोमीटर चालल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. आम्ही आवळल्यानंतर प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून बॉडीपर्यंत पांढरी रेघ मारली होती. बोल्ट फिरला की रेघ तुटते, पाना लावायचीही गरज नाही. आता दर पोळ्याला आणि दर दिवाळीला काका गाडीखाली मोबाईल सरकवतात, त्या रेघांचा फोटो काढतात आणि पाणी जायच्या भोकांत सायकलच्या स्पोकची तार फिरवतात. मागच्या वेळी डाव्या भोकातून चिखलासोबत धानाचं एक हिरवं रोप निघालं.